परदेशात गाडी चालवायची आहे, तयारी इथूनच कशी करू? (जर्मनी, आठ महिने)

मोसंबी
१२ जानेवारी, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. मी मूळची जालन्याची, आता छत्रपती संभाजीनगरात सिडकोत राहते, नोकरी वाळूजला. मार्चच्या मध्यावर कंपनी मला आठ महिन्यांसाठी जर्मनीत पाठवते आहे, स्टुटगार्टजवळच्या एका कारखान्यात. नवरा आणि सहा वर्षांची लेक सोबत येणार. राहायचं गाव स्टेशनापासून लांब आहे आणि पाळी सकाळी सहाला सुरू होते, त्यामुळे गाडी लागणारच.

गाडी मी अकरा वर्षं चालवते. रोजचा जालना रोड, समृद्धीवरून तीनदा नागपूर, कन्नडचा घाट रात्री पावसातही उतरले आहे. हात बसलेला आहे, काळजी वेगळीच आहे. इथं मी गाडी चालवते ती समोरच्याकडे बघून. तो थांबणार की घुसणार हे त्याच्या पुढच्या चाकावरून, मानेच्या वळण्यावरून कळतं. तिथं म्हणे लोक नियमावर भरवसा ठेवून गाडी सोडतात, दुसरा थांबणारच हे धरून येतात. माझी अकरा वर्षांची सवय तिथं कोणाच्या जिवावर बेतू नये, एवढंच मनात आहे.

कागदपत्रांचं सांगाच. पण मुख्य प्रश्न हा की दोन महिने हातात आहेत. या दोन महिन्यांत, याच रस्त्यांवर, कशाचा सराव करू?

तेर
१२ जानेवारी, रात्री ९:३२

वाचतोय. माझी बहीण जूनमध्ये तिकडेच निघाली आहे, तिला हा धागा पाठवतो.

औंढा
१२ जानेवारी, रात्री ११:०५

मोसंबीताई, मी सहा वर्षं जर्मनीत आहे, मूळ गाव हिंगोली जिल्ह्यात. आधी कागदांचं, कारण तुमच्या आठ महिन्यांतच मेख आहे.

तिथं राहायला गेल्यापासून आपलं भारतीय लायसन्स सहा महिनेच चालतं. पुढे जर्मन लायसन्स काढावं लागतं. काही देशांच्या लोकांना ते नुसतं बदलून मिळतं, भारताचं नाव त्या यादीत नाही. म्हणजे लेखी परीक्षा, गाडीची परीक्षा, प्रथमोपचाराचा कोर्स, डोळ्यांची तपासणी, सगळं आलं. लेखी परीक्षा इंग्रजीत देता येते. पण तुमचा मुक्काम एकूण बारा महिन्यांच्या आतला आहे हे कागदांनी दाखवता आलं, तर तिथल्या लायसन्स कार्यालयाकडून ती सहा महिन्यांची मुदत वाढवून घेता येते. कंपनीचं पत्र त्यासाठी जपून ठेवा. मुदत संपल्यावर चालवणं म्हणजे विनालायसन्स चालवणं, आणि तिथं तो फौजदारी गुन्हा आहे.

इथून निघताना आंतरराष्ट्रीय परमिट काढाच. शिवाय लायसन्सचं जर्मन भाषांतरही करून ठेवा. तिथली एडीएसी ही वाहनचालकांची मोठी संघटना ते करून देते. आणि मूळ लायसन्स कायम जवळ हवं. एकट्या परमिटला किंमत नाही, मूळ लायसन्साशिवाय तो नुसता कागद.

सरावाबद्दल उद्या लिहितो. इथं उद्या पहाटे निघायचं आहे आणि बाहेर काच गोठली आहे.

पाणचक्की
१३ जानेवारी, सकाळी ७:२०

मी शहरात एकवीस वर्षं ड्रायव्हिंग शिकवतो. परमिटचं काम आता सरकारच्या सारथी पोर्टलवरून सुरू होतं. नमुना ४अ, पासपोर्ट, १,००० रुपये फी. मुदत एक वर्ष, त्याआधी लायसन्स संपत असेल तर तेवढीच. एजंट लागत नाही. इंटरनेटवर "घरबसल्या आंतरराष्ट्रीय लायसन्स" विकणारे बरेच आहेत, त्यांचं कार्ड कितीही चकचकीत असलं तरी ते परमिट नव्हे. आपल्याकडे ते आरटीओच देतं.

दोन गोष्टी आजच बघा. एक, लायसन्सवरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव. लग्नाआधी काढलेलं लायसन्स माहेरच्या नावाचं आणि पासपोर्ट सासरच्या नावाचा, हे माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या बायकांचं असतं. ते जुळवून घ्यायला वेळ लागतो. दुसरं, लायसन्स जुन्या पुस्तकाच्या काळातलं असेल तर सारथीवर त्याची नोंद सापडते का. सापडली नाही तर आधी आरटीओत जाऊन ती चढवून घ्यावी लागते. हे निघायच्या आठवड्यात कळलं की रडायची वेळ येते.

मोसंबी
१३ जानेवारी, सकाळी ८:०२

बापरे. लायसन्स माहेरच्याच नावाचं आहे! आजच अर्ज करते. पाणचक्कीदादा, हे एकच वाक्य वाचायला मिळालं तरी धागा काढल्याचं सार्थक झालं.

काळीमाती
१३ जानेवारी, दुपारी १:४५

परभणीकडून बोलतो. ताई, स्पष्ट सांगायलो, राग मानू नका. तिकडच्या नियमांचा सराव इथं करायचा म्हणजे जिवाशी खेळ. मी धुळे-सोलापूर रस्त्यावर माल घेऊन जातो. पुढच्या गाडीपासून साठ मीटर अंतर ठेवा म्हणतेत, त्या साठ मीटरात तीन गाड्या घुसतात. झेब्रा क्रॉसिंगला थांबून बघा, मागचा हायवा ट्रक तुमच्या डिक्कीत आला समजा. रात्री उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन चालतो, मागं लाल दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही. तिथं नियम धरून कोण वाचलंय? डोळे धरूनच वाचलोत आपण.

माझं मत असं आहे, इथं इथल्यासारखं चालवा. तिकडं गेल्यावर तिथल्या मास्तरकडून चार धडे घ्या. एका हातानं दोन वळणं घ्यायला जाऊ नये.

औंढा
१३ जानेवारी, रात्री १०:४०

काळीमाती, तुमची भीती खरी आहे आणि मास्तराचा सल्ला शंभर टक्के बरोबर. मीही तीन धडे घेतले होते, आजही सांगतो की पैसे वसूल झाले. पण तीन धड्यांत नियम कळतात, सवय बदलत नाही. मान आपोआप वळायला महिने लागतात. म्हणून मला ताईंचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो.

जर्मनीतला मला सगळ्यात जड गेलेला नियम सांगतो. वस्तीतल्या गल्ल्यांमध्ये चौफुलीवर काही पाटीच नसते. सिग्नल नाही, थांबा नाही. तिथं उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला. त्याला रेश्ट्स फोर लिंक्स म्हणतात, डाव्याच्या आधी उजवा. उजवीकडची गल्ली कितीही अरुंद असो आणि तुमचा रस्ता कितीही रुंद असो. आपण रुंद रस्त्यावर असलो की आपोआप वाटतं, बाजूच्या गल्लीतून येणारा थांबेल. तो थांबत नाही. तो बघतही नाही, कारण त्याचा हक्क आहे. शिवाय तिथं आपण रस्त्याच्या उजव्या कडेने चालतो, म्हणजे उजवीकडची गल्ली अगदी अंगाला लागून. हिरव्या कुंपणाआडून गाडी एकदम समोर येते.

पिवळ्या चौकोनाला टोकावर उभं करावं तशी पाटी दिसली तर समजायचं की मुख्य रस्ता तुमचा. ती पाटी नसेल तर प्रत्येक गल्लीला वेग कमी.

पाणचक्की
१४ जानेवारी, सकाळी ६:५०

औंढा, गंमत बघा. हा नियम आपल्याकडेही आहे. २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांत लिहिलंय की नियंत्रण नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यायची, आणि गोल चौकात आत असलेल्या गाडीचा हक्क पहिला. मी वर्गात दरवर्षी शिकवतो. परीक्षा झाली की मुलं विसरतात.

म्हणून ताई, तुमचा सराव सिडकोतच आहे. एन-सेक्टरांतल्या गल्ल्या, रविवारी सकाळी सात. प्रत्येक चौफुलीला मोठ्यांदा म्हणायचं, "उजवीकडून कोण?" आणि मान वळवायची. थांबायचं असेल तर आधी आरसा बघा, ब्रेकला दोनदा हलका पाय लावा म्हणजे मागच्याला दिवा दिसेल, मग थांबा. काळीमाती म्हणतात ती मागून धडक याने टळते. जालना रोडवर संध्याकाळी सातला हा प्रयोग करू नका, त्या बाबतीत ते बरोबर आहेत.

आणि आणखी एक. दोन आठवडे नवऱ्याला गाडी चालवू द्या आणि तुम्ही डावीकडच्या सीटवर बसा. तिथं स्टेअरिंग डावीकडे असणार, म्हणजे तुमचे डोळे तिथूनच रस्ता बघणार. डावीकडून बोनेट कसं दिसतं, कड किती जवळ वाटते, उजवीकडचा आरसा किती लांब आहे, हे डोळ्यांना आधीच ओळखीचं होऊ द्या. माझ्याकडे आखातात जाणारी मुलं येतात, त्यांच्याकडून हेच करून घेतो.

कर्डई
१४ जानेवारी, दुपारी ४:१५

किती चांगली युक्ती! मी एकसष्ट वर्षांची, धाराशिवची. मुलगा ऑस्ट्रेलियात असतो. मी गाडी चालवत नाही, पण शेजारी बसून जे पाहिलं ते सांगते. पहाटे आणि तिन्हीसांजेला कांगारू रस्त्यावर येतात, म्हणून मुलगा त्या वेळेला गावाबाहेर गाडी काढतच नाही. पहिल्या दिवशी मी त्याला म्हटलं, अरे कोणी नाही समोर, जा की. तो म्हणाला, आई, शेजारी बसलेल्याने घाई करायची नाही, एवढी मदत कर. तेव्हापासून मी गाडीत गप्प बसते. ताई, तुमच्या घरच्यांनाही हे सांगून ठेवा.

गंजगोलाई
१४ जानेवारी, रात्री ९:५५

लातूरचा, सध्या इंग्लंडात. गोल चौकाचा विषय निघालाच आहे तर मला राहवत नाही.

आमची गंज गोलाई १९१७ ची, नगररचनाकार फैयाजुद्दीन यांच्या आराखड्यातून उभी राहिलेली. मध्ये अंबाबाईचं देऊळ, भोवती बाजार आणि सोळा रस्ते. मी तिथं स्कूटर शिकलो. इंग्लंडात पहिल्यांदा गोल चौक आला तेव्हा वाटलं, सोळा रस्त्यांचा माणूस आपण, याला काय घाबरायचं. आणि चौकाच्या तोंडाशी अडकलो. गोलाईत आपण हळूहळू नाक घालतो, मग समोरचा थांबतो. इंग्लंडात नाक घालणं म्हणजेच चूक. उजवीकडून येणारा आत आहे, तो जाईपर्यंत थांबायचं, आणि फट मिळाली की रेंगाळायचं नाही, लगेच निघायचं. मागच्यांना दोन्हींचा त्रास होतो, घुसण्याचाही आणि नुसतं उभं राहण्याचाही.

जर्मनीत सगळं आरशातल्यासारखं उलटं. तिथं वर्तुळ घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतं आणि बघायचं डावीकडे.

औंढा
१४ जानेवारी, रात्री ११:२०

बरोबर, आणि त्यात एक पुस्ती. जर्मनीत गोल चौकात शिरताना इंडिकेटर द्यायचा नाही. बाहेर पडताना उजवा द्यायचाच.

तेर
१५ जानेवारी, सकाळी ९:१२

सोळा रस्त्यांतून बाहेर पडताना कुठला इंडिकेटर द्यायचा ते गंजगोलाईनी सांगावं 😀

गंजगोलाई
१५ जानेवारी, सकाळी १०:४०

तिथं इंडिकेटर देत नाहीत, हात दाखवतात आणि "मामा, सरका जरा" म्हणतात. मामा सरकतातही.

सचखंड_एक्स्प्रेस
१६ जानेवारी, सकाळी ६:३०

नांदेडचा, अमेरिकेत ओहायोत. जर्मनीचं औंढा सांगतीलच, पण धागा पुढेही लोक वाचतील म्हणून अमेरिकेचं थोडं लिहितो.

इथं चारही बाजूंना थांबा-पाटी असलेले चौक आहेत. जो आधी येऊन पूर्ण थांबला, तो आधी जाणार. दोघं एकदम आले तर उजवीकडचा आधी. पूर्ण थांबणं म्हणजे चाक स्थिर. आपण जे हळू करून सरकतो, ते थांबणं इथं धरत नाहीत. लाल दिव्यावर पूर्ण थांबून उजवीकडे वळता येतं, पण पाटी मनाई करत असेल तर नाही, आणि न्यूयॉर्क शहरात तर मुळातच मनाई आहे. वेगमर्यादा मैलांत असते. ६५ लिहिलंय म्हणजे ताशी सुमारे १०५ किलोमीटर.

सगळ्यात महत्त्वाची पिवळी शाळेची बस. ती लाल दिवे लावून थांबली आणि बाजूची थांबा-पाटी बाहेर आली, की दुभाजक नसलेल्या दोन पदरी रस्त्यावर दोन्ही दिशांची वाहतूक थांबते. समोरून येणाऱ्यांनीही. कारण पोरं रस्ता ओलांडतात. मी नवीन असताना हे मला माहीत होतं, पण डोक्यात भिनलं नव्हतं. समोरून बस थांबली, मी वेग कमी केला आणि पुढे जायला लागलो. शेजारी बसलेली बायको ओरडली म्हणून थांबलो. बसच्या पुढून एक छोटी मुलगी पळत निघाली, पाठीवर मोठं दप्तर. ती माझ्या गाडीपासून दोन हातांवरून गेली. आठ वर्षं झाली, ते दप्तर अजून डोळ्यांसमोर आहे.

ताई, तुम्ही दुसऱ्याच्या जिवाचा विचार करून प्रश्न विचारलात, म्हणून हे इथं पहिल्यांदाच लिहिलं.

मोसंबी
१६ जानेवारी, सकाळी ८:४५

सचखंड, वाचून काटा आला. लिहिलंत ते बरं केलंत. माझी लेकही तेवढीच.

बालाघाट
१६ जानेवारी, रात्री १०:१५

मी बीडचा. नऊ वर्षं मस्कतला होतो, ट्रेलर चालवला. तिकडंही डावं स्टेअरिंग.

पहिल्या महिन्यात मी इंडिकेटर द्यायला जायचो आन् वायपर चालू व्हायचे. दांडी उलट्या बाजूला असते. ते काही नाही, हसण्यावारी जातं. खरा घात कधी होतो सांगू? रस्ता मोकळा असतो तेव्हा. गर्दीत समोरच्याच्या मागं मागं जातो माणूस. पण पहाटे पेट्रोल पंपावरून निघालं, हॉटेलातून निघालं, यू-टर्न मारला, आन् रस्त्यावर कोणी नाही, की हात आपसूक डावी बाजू धरतो. थकलेलं असताना तर हमखास. म्हणून मी एक खूण ठेवली होती. माझं अंग कायम रस्त्याच्या मध्याकडं, शेजारच्याचं अंग कडेला. मोकळ्या रस्त्यावर लागलो की हे बघायचं. स्टेअरिंग त्या देशाचं असंल तर ही खूण कुठंही चुकत नाही.

दुसरं पाण्याचं. आखातात वादी असते, म्हणजे कोरडी नदी. डोंगरात पाऊस पडला की दहा मिनिटांत लोंढा. वाहत्या वादीत गाडी घालणं तिथं गुन्हाच. शेजारच्या यूएईत तर २,००० दिरहम दंड आणि २३ ब्लॅक पॉइंट. २४ झाले की लायसन्स गेलं. आपल्याकडं नळकांडी पुलावरून पाणी चाललेलं असतं आन् कडेला माणसं उभी राहून म्हणतेत, "जातंय जातंय, घाला." मांजरा, सिंदफणेला किती गाड्या गेल्या अशा. हा नियम आपणही शिकायसारखा आहे.

देवगिरी
१७ जानेवारी, दुपारी १२:३०

डावीकडून चालणारे देश सोपे, असा एक समज आहे. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, जपान, सिंगापूर, न्यूझीलंड. मीही त्यातलाच. आम्ही चौघं न्यूझीलंडला गेलो. बाजू आपलीच, म्हणून विमानतळावरूनच गाडी घेतली. रात्रभर विमानात जागरण, त्यात घड्याळ साडेसात तास पुढे. दोन तासांनी एका सरळ रस्त्यावर माझा डोळा लागला. गाडी कडेच्या खडीवर गेली, त्या आवाजाने जाग आली. सगळे सुखरूप. पण त्या दिवसापासून घरात नियम केला, उतरल्यावर पहिली रात्र झोप, गाडी दुसऱ्या दिवशी.

तिथं खेड्यांकडे एकेरी पूल फार. पाटीवर दोन बाण असतात, तुमच्या दिशेचा बाण लहान आणि लाल असेल तर थांबायचं तुम्ही.

काळीमाती
१७ जानेवारी, दुपारी ३:००

एवढे अनुभव वाचून माझा मुद्दा थोडा हललाय हे मान्य करतो. पण अंतर ठेवायचं काय? त्याचं कोणी बोलना.

औंढा
१७ जानेवारी, रात्री ९:३०

बोलतो. ऑटोबानवर, म्हणजे तिथल्या महामार्गावर, बऱ्याच ठिकाणी वेगाला मर्यादा नाही, पण ताशी १३० ची शिफारस आहे. १३० ला गाडी एका सेकंदात ३६ मीटर जाते. जर्मन लोक सोपा हिशेब सांगतात, वेगाचा आकडा अर्धा करा, तेवढे मीटर अंतर. १३० ला ६५. मागून येणारा तुमच्या दुप्पट वेगाने येत असू शकतो, म्हणून डावी लेन फक्त पुढे जाण्यापुरती. आरसा, मान वळवून खांद्यावरून नजर, इंडिकेटर, पुढे जा, परत उजवीकडे. उजवीकडून ओव्हरटेक करायला मनाई आहे. याचा सराव धुळे-सोलापूरवर नको, समृद्धीवर करा. तिथं दुचाकी नाहीत, लेन आखलेल्या आहेत, मर्यादा १२० आहे. पुढची गाडी एका खांबाजवळून गेली की दोन सेकंद मोजायचे, मगच तो खांब आपल्याला लागला पाहिजे. कोणी मध्ये घुसला तर परत मागे सरकायचं. वाद घालायचा नाही.

काळीमाती, तुमच्या रस्त्यावर डोळे हवेतच. डोळ्यांची ती सवय तिथंही सोडू नका. नियम माझ्या बाजूने आहे म्हणून आंधळेपणाने गेलेले लोक मी तिथंही दवाखान्यात बघितले आहेत.

आता सायकलींचं. तिथं उजवीकडे वळताना कडेने सरळ जाणाऱ्या सायकलवाल्याचा हक्क पहिला असतो. आरशात तो दिसत नाही, मान वळवूनच दिसतो. पहिल्याच वर्षी मी असा वळलो. माणूस माझ्या दारावर आदळला. हाड मोडलं नाही, पण तो खाली बसून थरथरत होता आणि मीही. चूक पूर्ण माझी होती. त्यानंतर मी प्रत्येक उजव्या वळणाला मान वळवतो, रस्ता रिकामा असला तरी. सायकलला ओलांडताना गावात दीड मीटर, गावाबाहेर दोन मीटर अंतर ठेवायचं, हा २०२० पासूनचा नियम आहे. आणि गाडी उभी केल्यावर दार लांबच्या हाताने उघडायचं. म्हणजे डावीकडे बसलेल्याने उजव्या हाताने. अंग आपोआप वळतं आणि मागून येणारा दिसतो.

पाणचक्की
१८ जानेवारी, सकाळी ७:०५

वा! मग हा सराव इथं डाव्या सीटवर बसून जसाच्या तसा होतो. तेच दार, तोच हात. लेकीलाही शिकवा, मागच्या दाराने तीच उतरणार.

कर्डई
१८ जानेवारी, सकाळी ११:२५

लेकीसाठी सीटचं काही लागतं का तिथं?

औंढा
१८ जानेवारी, रात्री ८:५०

लागतं. बारा वर्षांखालच्या आणि दीडशे सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला योग्य सीट बंधनकारक. मांडीवर घेऊन बसणं तर विसराच. गाडीत धोक्याचा त्रिकोण, प्रथमोपचार पेटी आणि चमकदार जाकीट असायलाच हवं. भाड्याची असली तरी निघण्याआधी डिक्की उघडून बघा. करारात चालक म्हणून तुमचं नाव आहे ना, अपघात झाला तर खिशातून किती भरावे लागतील, हे सही करण्याआधी विचारा, आणि गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढा. पंपावर ई-५ आणि ई-१० म्हणजे पेट्रोल, बी-७ म्हणजे डिझेल. चिन्हही वेगळं, पेट्रोलला वर्तुळ, डिझेलला चौकोन.

टाकी रिकामी होऊन ऑटोबानवर थांबलात तरी दंड आहे, कारण ते टाळता येण्यासारखं होतं. वाहतूक तुंबली की रुग्णवाहिकेसाठी मधली वाट लगेच करायची, सायरन ऐकू येण्याची वाट बघायची नाही. डाव्या लेनमधल्यांनी डावीकडे, बाकी सगळ्यांनी उजवीकडे. त्याला रेटुंग्सगासे म्हणतात. न केल्यास दंड २०० युरोपासून सुरू. आपत्कालीन नंबर ११२.

बालाघाट
१८ जानेवारी, रात्री ९:४०

ही मधली वाट लई आवडली. बीडहून रुग्णवाहिका संभाजीनगरला निघते तेव्हा अशी वाट मिळाली तर किती जीव वाचतील.

मोसंबी
२२ फेब्रुवारी, रात्री १०:३०

महिनाभराने येतेय, कारण नावाच्या दुरुस्तीतच तीन आठवडे गेले. आता लायसन्स, परमिट, कंपनीचं पत्र, सगळं हातात आहे.

सरावाचं सांगते. दर रविवारी सकाळी सिडकोतल्या गल्ल्या. "उजवीकडून कोण?" आता लेकच आधी ओरडते. एक आठवडा ठरवलं, धोका असल्याशिवाय हॉर्न नाही. पहिल्या दिवशी हात किती वेळा तिकडे गेला ते मोजलं. क्रांती चौकापासून वाळूजपर्यंत सव्वीस वेळा. आणि त्या सव्वीसपैकी धोका दोनदाच होता! बाकी सगळे नुसते "मी आले" सांगणारे. हॉर्न बंद केल्यावर कळलं की मी ब्रेकच्या ऐवजी हॉर्न वापरत होते. आता पाय आधी जातो.

समृद्धीवर जालन्याहून मेहकरपर्यंत दोन सेकंदांचा सराव केला. काळीमातीदादा, लोक घुसले, खरंच घुसले. पण मागे सरकत राहिले तरी मेहकरला पोचायला फार तर पाच मिनिटं जास्त लागली असतील.

काळीमाती
२३ फेब्रुवारी, सकाळी ६:४०

पाच मिनिटं? मग आपण आयुष्यभर कशाची घाई करायलोत? ताई, मी आजच्या खेपेला बघतो करून.

पाणचक्की
२३ फेब्रुवारी, सकाळी ७:१५

सव्वीसांपैकी दोन. ही गोष्ट मी वर्गात सांगणार आहे, परवानगी द्या.

मोसंबी
१९ एप्रिल, रात्री ११:५०

परवानगी कधीच दिली. आता इथून लिहिते.

पहिले दहा दिवस गाडीला हात लावला नाही. सहकाऱ्यासोबत कारखान्यात गेले, वाटेतल्या पाट्या वहीत उतरवल्या. मग तिथल्या प्रशिक्षकाकडे दोन धडे. त्यांनी पहिल्याच गल्लीत माझी मान उजवीकडे वळलेली बघितली आणि विचारलं, हे कुठे शिकलात? मी सांगितलं, भारतात, माझ्या घराजवळ.

बालाघाटदादा, तुम्ही म्हणालात तसंच झालं. तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला पंपावरून निघताना डावीकडे वळण घेतलं आणि हात डावी बाजू धरायला निघाला. रस्ता पूर्ण मोकळा. "माझं अंग मध्याकडे" हे तोंडाने म्हटलं आणि गाडी योग्य लेनमध्ये नेली. मग पुढच्या मोकळ्या जागेत दोन मिनिटं थांबून पाणी प्यायले.

मागच्या आठवड्यात ऑटोबानवर तुंबलं. सगळ्या गाड्या न बोलता बाजूला झाल्या, मीही उजवीकडे झाले. चार मिनिटांनी रुग्णवाहिका मधून गेली. लेक म्हणाली, आई, आपण तिला वाट दिली ना?

औंढादादा, मुदतवाढीचा अर्ज कधी टाकू? सहा महिने सप्टेंबरच्या मध्यावर संपतात.

औंढा
२० एप्रिल, सकाळी ६:१०

जुलैतच टाका. कार्यालयांत वेळ मिळायला आठवडे जातात. सोबत कंपनीचं पत्र, व्हिसा, परतीचं तिकीट असेल तर तेही. सहा महिने संपल्यावर, मुदतवाढ लेखी हातात येईपर्यंत गाडी चालवू नका. आणि तुम्ही नोव्हेंबरपर्यंत आहात, तर ऑक्टोबर लागताच टायर बदलायचे. डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असलेलेच, २०२४ च्या ऑक्टोबरपासून बर्फाळ रस्त्यावर तेच चालतात.

तेर
२० एप्रिल, सकाळी ९:३०

माझ्या बहिणीने कालपासून हॉर्न मोजायला घेतलाय. धाराशिव ते तुळजापूर, एकोणीस.

मोसंबी
८ जुलै, रात्री ९:२०

अर्ज टाकला, पोच मिळाली. बहिणीला सांगा, लायसन्सवरचं नाव आधी बघ.